दिघ्यांची वीस अंशांची खोली

कारखान्याच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका गेल्या आठवड्यात टपालाने आली. गुळगुळीत कागद, रंगीत छायाचित्रे, पहिल्या पानावर शेठ. आतल्या एका पानावर त्र्यंबक दिघे यांच्याविषयी चार ओळी आहेत. दिघे ‘हसतमुख, मनमिळाऊ आणि सर्वांना सांभाळून घेणारे’ होते, असे त्यांत छापले आहे. मी दिघ्यांबरोबर अकरा वर्षे काम केले. ते हसतमुख नव्हते. मनमिळाऊ तर मुळीच नव्हते. सांभाळून त्यांनी एक यंत्र तेवढे घेतले, आणि ते आम्ही संपवले.

त्या चार ओळींच्या खाली पूजेचे छायाचित्र आहे. यंत्राला झेंडूचा हार, भोवती दाटीवाटीने माणसे. डावीकडून तिसरा मी. खाली मजकूर: ‘दिघेसाहेबांच्या यंत्राचा शुभारंभ’. छायाचित्रात दिघे नाहीत. ते कुठे होते आणि का, हे ठाऊक असलेली माणसे आता दोन-तीनच उरली आहेत. त्यांतला एक मी आहे. मेलेल्या माणसाला असे गोड खोटे चिकटवलेले पाहून शिसारी येते. म्हणून हे लिहितो.

नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षे. परदेशी मालाला दारे उघडली होती आणि बडोद्यातले सगळे कारखानदार एकाच वेळी घाबरलेले आणि हुरळलेले होते. मकरपुऱ्यातला आमचा कारखाना मोजमापाची उपकरणे बनवी. मी तपासणी विभागाचा प्रमुख होतो. रस्ते रुंद होऊ लागले होते; त्यांच्या कडेच्या पाट्यांवर चिकटवायचा चकाकता पत्रा बाहेरून येई. शेठच्या मनात आले की तो पत्रा ज्या साच्यावर दाबून करतात, तो साचा आपण करावा.

साचा म्हणजे वीतभर धातूची पाटी. तिच्यावर हिऱ्याच्या टोकाने खाचा कोरायच्या. एका दिशेने हजारो, मग पाटी फिरवून दुसऱ्या दिशेने, मग तिसऱ्या. तिन्ही दिशांच्या खाचा जिथे मिळतात तिथे डोळ्यांना न दिसणारे तीन बाजूंचे मनोरे उभे राहतात. अशा मनोऱ्यांवर पडलेला उजेड जिथून आला तिथेच परत जातो. गाडीच्या दिव्याचा उजेड गाडीवाल्याकडे. मात्र तिसऱ्या दिशेची खाच पहिल्या दोघींच्या छेदावरूनच गेली पाहिजे. केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाने हुकली, तर तिथे उजेड परतत नाही. अशा खाचा कोरणारे यंत्र बाहेरून आणायचे तर परवडणारे नव्हते. शेठनी ते आखून बांधण्यासाठी दिघ्यांना आणले.

दिघ्यांचे आजोबा संस्थानच्या बांधकाम खात्यात मोठे अधिकारी होते असे लोक सांगत. दिघ्यांनी ते कधीच सांगितले नाही. उंच, सडसडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा. खिशात पेनाच्या जागी धातूच्या नळीत ठेवलेला तापमापक. त्यांच्या शब्दकोशात निंदेचा एकच शब्द होता: घाण. वेडावाकडा सांधा घाण. चुकीचा कागद घाण. कोणाचे लांबलेले भाषण घाण. हा शब्द ते आवाज न चढवता उच्चारीत, वैद्याने रोगाचे नाव सांगावे तसा.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना माझ्या विभागाचा एक तपासणी-अहवाल दाखवला. तो आमचा सर्वांत चांगला अहवाल होता आणि मला त्याचा अभिमान होता. त्यांनी तो उभ्याने वाचला.

“तापमान?”

“खोलीचंच होतं.”

“खोलीचं म्हणजे किती?”

त्यांनी कागद टेबलावर ठेवला, बोटाने माझ्याकडे सरकवला.

“मोकाशी, धातू उन्हाळ्यात वाढतो आणि थंडीत आखडतो, हे शाळेत शिकवतात. तापमान न लिहिता माप लिहायचं म्हणजे गप्पा. ही घाण पुन्हा दाखवू नका.”

मी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा होतो. तो अपमान मी बरीच वर्षे जपला. दुसऱ्या दिवसापासून मात्र आमच्या प्रत्येक अहवालात तापमानाचा रकाना आला.

यंत्राची खोली बांधताना दिघ्यांनी पहिला महिना फक्त जमीन पाहिली. मुंबई-दिल्लीचा लोहमार्ग आमच्यापासून फार लांब नाही. हे गृहस्थ स्टीलच्या थाळीत पाणी घेऊन फरशीवर ठेवीत, आणि समोर उकिडवे बसून मालगाडी जाताना पाण्यावर उठणारी वलये पाहत. लोकांनी त्यांचे नाव थाळीवाले साहेब ठेवले. शेवटी त्यांनी खोल खड्डा खणवला, त्यात वाळू, वाळूवर काँक्रीटचा ठोकळा. त्या ठोकळ्यावर यंत्र बसायचे. ठोकळा आणि खोलीची फरशी यांच्यात चारी बाजूंनी चार बोटांची फट ठेवली होती, म्हणजे फरशीचा हादरा ठोकळ्यापर्यंत पोचणार नाही. सगळ्या रचनेचा प्राण त्या फटीत होता.

दिघे तीन दिवस राजकोटला गेले होते. परत येऊन पाहतात तो फट नाही. गुळगुळीत सिमेंट, त्यावर पॉलिश. कंत्राटदार हौसेने उभा.

“साहेब, आ फाट खराब देखाती’ती, एटले में पूरी दीधी,” तो म्हणाला. भेग वाईट दिसत होती, म्हणून त्याने आपल्या पदरच्या सिमेंटने ती बुजवली होती. वर तो म्हणाला, “एना पैसा नथी लेवाना.”

दिघ्यांनी त्याला एक शब्द सुनावला नाही. छिन्नी आणि हातोडा मागवला, सदरा काढून खुंटीला लावला आणि ते फरशीवर बसले. फट मोकळी करायला त्यांना चार दिवस लागले. मजुरांना हात लावू दिला नाही. पाचव्या दिवशी कंत्राटदार मिठाईचा पुडा घेऊन माफी मागायला आला. दिघ्यांनी पुडा उघडला, फटीतून निघालेले सिमेंटचे तुकडे त्यात मिठाईवर ओतले आणि परत दिला. हे वागणे चांगले नव्हते. तो माणूस अडाणी होता, लबाड नव्हता. मी तसे बोललो. दिघे म्हणाले, “लबाड असता तर फट राहिली असती. कष्ट कमी करण्याकडे ओढा असतो लबाडाचा.”

असे त्यांचे बोलणे. विभागातल्या पटेल नावाच्या एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात त्यांना दोन शब्द बोलायला सांगितले. ते उठले. “पटेलांनी इथे तीन गोष्टी नीट केल्या. त्या मी पाहिल्या आहेत,” एवढे म्हणून बसले. पटेल न जेवता घरी गेले. दिघ्यांना त्यात काही चुकले असे वाटले नाही. “तीन मी मोजून सांगितल्या,” ते म्हणाले. “बाकीच्यांनी एकही सांगितली नाही.”

यंत्र उभे राहायला चार वर्षे गेली, मनासारख्या खाचा कोरू लागायला आणखी सहा. काळ्या ग्रॅनाइटचा पलंगाएवढा पाया. त्याचा पृष्ठभाग दिघे आणि कारागीर रमणभाई या दोघांनी हाताने घासून सपाट केला. त्यावर हवेच्या पातळ थरावर तरंगणारी बैठक. वर हिरा. आणि भोवती ती खोली: भिंतीत काच, दाराला कुलूप, हवा वीस अंशांवर, एका अंशाच्या दहाव्या भागाहून अधिक खालीवर नाही. कोपऱ्यात तापमान नोंदणारे घड्याळवजा उपकरण, ज्यात चोवीस तासांत एक फेरा पूर्ण करणारा गोल कागद आणि त्यावर शाईची बारीक रेघ. रोज सकाळी कागद बदलायचा आणि मी त्यावर तारखेसह सही करायची. खोलीच्या किल्ल्या दोनच होत्या. एक दिघ्यांकडे, एक तपासणी प्रमुख म्हणून माझ्याकडे.

“माणूस म्हणजे शंभर वॅटचा दिवा,” दिघे म्हणत. “नुसता उभा राहिला तरी जळतो.” खोलीत एका वेळी दोन दिव्यांपेक्षा जास्त नाहीत, हा नियम. शेठ आत आले तर रमणभाई बाहेर. एकदा शेठ आपल्या भाच्याला घेऊन आत आले, तेव्हा दिघे स्वतः बाहेर जाऊन काचेपाशी उभे राहिले आणि आतल्या दोघांशी खुणांनी बोलले.

रमणभाई हे यंत्र चालवणारे. पादरा गावाहून रोज एसटीने येत, थांब्यापासून सायकल मारीत. कारखान्यात दिघे ज्यांना ‘तुम्ही’ म्हणताना आवाज मऊ करीत असे हे एकटेच. पण नियम त्यांनाही होता. सायकलवरून आल्यावर वीस मिनिटे बाहेरच्या बाकावर बसायचे, अंग निवले की आत.

“साहेब, सासरे पण मने आटली वार बेसाडता नथी,” रमणभाई म्हणत; सासरीसुद्धा इतका वेळ बसवून ठेवत नाहीत, ही त्यांची तक्रार.

“सासरी तुम्हांला काही कोरायचं नसतं.”

“त्यां तो ए लोको मने कोरे छे, साहेब.”

दिघ्यांच्या ओठाची एक बाजू हलली. अकरा वर्षांत मी पाहिलेले त्यांचे हसू म्हणजे तेवढेच. स्मरणिकावाल्यांनी नोंद घ्यावी.

त्यांच्या सुभानपुऱ्यातल्या घरी मी दोनदा गेलो. दिवाणखान्यात चार खुर्च्या, भिंतीवर काहीही नाही. सुमतीबाईंनी जेवायला वाढले. मी पोळीचे कौतुक केले तर त्या म्हणाल्या, “यांना पोळी गोल नसली तरी चालते हो. जाडी सगळीकडे सारखी लागते. लग्न झाल्यावर पहिलं वर्षभर कडेला चिमटीत धरून बघायचे.”

“दुसऱ्या वर्षी गरज उरली नाही,” दिघे ताटाकडे पाहत म्हणाले.

सुमतीबाई माझ्याकडे वळल्या. “ऐकलंत? ही स्तुती. तीस वर्षांत एवढीच मिळाली, आणि तीही तुमच्यामुळे.”

आता मुख्य गोष्ट.

परदेशातल्या एका कंपनीने शेठशी भागीदारीची बोलणी सुरू केली. अट अशी की दिघ्यांच्या यंत्रावर कोरलेली एक पाटी त्यांच्या प्रयोगशाळेने तपासायची. पाटी कसोटीला उतरली तर साचे बडोद्यात, याच यंत्रावर होतील, आणि दिघे अशी आणखी तीन यंत्रे बांधतील. उतरली नाही तर भागीदार आपले यंत्र पाठवील आणि दिघ्यांचे यंत्र बाजूला होईल. दिघ्यांनी आयुष्यात दुसरे काही बांधले नव्हते. वय अठ्ठावन्न होते. एका पाटीवर सगळे ठरणार होते आणि ती गोष्ट त्यांना अन्यायाची वाटत नव्हती. “पाटीवरूनच ठरवावं,” ते म्हणाले. “माझ्या बोलण्यावरून ठरवलं असतं तर घाण झाली असती.”

तिसऱ्या दिशेच्या खाचा कोरायला नऊ दिवस लागणार होते. यंत्र एकदा सुरू केले की थांबवायचे नाही. मधल्या काळात शेठनी कळवले की सहाव्या दिवशी गुरुपुष्यामृत आहे, भागीदारांचा तांत्रिक प्रमुखही त्याच दिवशी येतो आहे, तेव्हा पूजा त्याच मुहूर्तावर होईल. दिघ्यांचा पूजेला विरोध नव्हता. दसऱ्याला ते स्वतः आपल्या मोजपट्ट्यांना हळदकुंकू वाहत. त्यांनी एवढेच मागितले की पूजा काचेच्या बाहेर, चौरंगावर, यंत्राकडे तोंड करून व्हावी. शेठनी मान्य केले. चौरंग आणवला. तो कुठे मांडायचा तिथे दिघ्यांनी खडूने खुणाही केल्या.

त्या दिवशी सकाळी शेठनी त्यांना हरणीच्या विमानतळावर पाठवले. पाहुण्याला वाटेत यंत्र बनवणाऱ्याशीच बोलायचे आहे, असे कारण सांगितले. दिघे गाडीत बसताना मला म्हणाले, “किल्ली तुमच्याकडे आहे.” बाकी काही नाही.

विमानाला उशीर झाला. मुहूर्ताला झाला नाही. दहाच्या सुमारास शेठ, त्यांच्या घरची मंडळी, भटजी, व्यापारी स्नेही आणि कारखान्यातले झाडून सारे लोक काचेसमोर जमले. शेठनी चौरंगाकडे पाहिले, मग यंत्राकडे.

“आम बहार बेसीने पूजा थाय? भगवान अंदर नहीं जाय तो कोण जाय?” लोक हसले. ते माझ्याकडे वळले. “मोकाशीभाई, चावी.”

रमणभाई दाराशी उभे होते. “शेठ, दिघेसाहेब आवे पछी,” ते म्हणाले. साहेब आल्यावरच, असे.

“मुहूर्त दिघेसाहेबने पूछीने नथी आवतुं. दस मिनिटनुं काम छे.”

मी किल्ली दिली. कारणे होती. ती इथे लिहीत नाही. कारणे सगळ्यांनाच असतात.

चाळीसहून अधिक माणसे त्या खोलीत शिरली. उदबत्त्या लागल्या, निरांजन लागले, आरती झाली. यंत्र आपले काम करीत होते; बैठक हळूहळू पुढे जात होती, हिरा खाच काढीत होता, आणि टाळ्या वाजत होत्या. भटजींनी ग्रॅनाइटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले. नारळ ग्रॅनाइटच्या कोपऱ्यावर फोडला. तो आपटण्याच्या क्षणी रमणभाईंनी पुढे होऊन आपल्या सदऱ्याचा घोळ खाली धरला. पाणी सगळे त्यांच्या अंगावर गेले. कोणी तरी म्हणाले, “रमणभाईने तो अभिषेक थई गयो!” पुन्हा हशा. दहा मिनिटांची पन्नास झाली. फोटो काढला तो त्याच वेळी.

दिघे पाहुण्याला घेऊन आले तेव्हा आम्ही आतच होतो. पाहुणा कौतुकाने आत शिरला; त्याच्या कपाळाला टिळा लागला, गळ्यात हार पडला, आणि तो फार खूश झाला; हाराखाली कोरली जाते आहे ती आपल्याच तपासणीची पाटी, हे त्याच्या ध्यानात आले नाही. दिघे आत आले नाहीत. ते काचेबाहेर उभे राहिले. लोकांना वाटले, रागावले असतील, किंवा हात जोडून उभे असतील. मला कळले. आत गेले असते तर आणखी एक दिवा वाढला असता.

त्यांनी काचेवर बोटाने टकटक केली आणि दाराकडे बोट दाखवले. कोणी पाहिले नाही. मग ते एकेका माणसाकडे बोट करून त्याला बाहेर यायची खूण करू लागले. माझ्याकडे बोट केले तेव्हा मी बाहेर आलो. खोली रिकामी होईपर्यंत ते तसेच बोट दाखवीत राहिले. मग काचेतून कोपऱ्यातल्या गोल कागदाकडे पाहिले. शाईची रेघ पाच दिवस सुतात होती; आज तिला टेंगूळ आले होते.

“बंद करू, साहेब?” ओल्या सदऱ्याने रमणभाईंनी विचारले.

“नाही. थांबवलं तर तिथे घाव राहील. चालू द्या. झालेलं मोजू.”

नवव्या दिवशी पाटी निघाली. अंधाऱ्या खोलीत दिघ्यांनी बॅटरी डोळ्याजवळ धरून तिच्यावर उजेड टाकला. पाटी पेटल्यासारखी उजळली. मध्याच्या जरा पलीकडे मात्र दोन बोटे रुंदीचा एक पट्टा राखी राहिला. त्याच्या आधी उत्तम, त्याच्या नंतर उत्तम. मी सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. खाचा पूजेच्या वेळेपासून सरकायला लागल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जागेवर आल्या होत्या. यंत्राबद्दल याहून चांगला पुरावा कोणी देऊ शकला नसता.

शेठच्या खोलीत आम्ही तिघे बसलो.

“पट्टा लिहायचा,” दिघे म्हणाले. “कारण लिहायचं. त्या दिवसाचा तापमानाचा कागद जोडायचा आणि महिन्याची मुदत मागायची. पाटीशेजारी तो कागद ठेवला की यंत्र निर्दोष आहे हे पोरसवदा इंजिनियरलाही कळेल.”

शेठनी कपाळाला हात लावला. “दिघेसाहेब, आपण त्यांना लिहायचं की आम्ही पन्नास माणसं घालून पूजा केली आणि नारळ फोडला? एमना माणसे पण फोटा पाड्या छे. हसशे आपणा पर. म्हणतील, आ लोको साथे धंधो कराय?”

“हसू द्या. हसून झालं की यंत्र घेतील.”

“ने आबरू?”

“आबरू पाटीवर आहे. राखी रंगाची. दोन बोटं रुंद.”

दिघे उठून गेल्यावर शेठनी अहवालाचा कोरा नमुना माझ्यापुढे ठेवला. पट्टा लपवता येत नव्हता, तो लिहावा. कारण लिहू नये. तापमानाच्या रकान्यात काय लिहायचे ते मला ठाऊक होते. मी वीस लिहिले. सही केली. तो गोल कागद अहवालाला जोडला नाही. माझ्या खणात ठेवला.

आम्ही मूर्खपणा केला हे कळण्यापेक्षा यंत्र वाईट आहे असे कळलेले बरे, असे आम्हांला वाटले. इतक्या वर्षांनीही या वाक्याकडे पाहिले की तोंड कडू होते.

उत्तर दीड महिन्याने आले, दोन ओळींचे. तापमान नियंत्रित असूनही खाचा सरकल्या आहेत. त्याअर्थी दोष यंत्रात असून त्याचा भरवसा देता येत नाही. भागीदार आपले यंत्र पाठवीत आहे.

दिघे ते पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आले.

“तापमान नियंत्रित असूनही,” त्यांनी वाचले. “रकान्यात किती लिहिलंत?”

“वीस.”

“त्या दिवसाचा कागद?”

“सापडत नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला त्यांच्या तोंडून तो त्यांचा शब्द ऐकायचा होता. ऐकला असता तर हिशेब संपला असता. त्यांनी पत्राची घडी जशी होती तशी घालून माझ्यापुढे ठेवली आणि गेले. महिन्याअखेरीस नोकरी सोडली. निरोप समारंभ नाकारला. तो झाला असता तर मला बोलावे लागले असते.

परदेशी यंत्र आले. त्याच्याबरोबर आलेल्या कराराची एक अट अशी होती की खोलीत एका वेळी दोन माणसांहून अधिक जाऊ नयेत. शेठनी त्या अटीची पितळी पाटी इंग्रजीत करवून दारावर लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ती अभिमानाने दाखवीत. नव्या यंत्राची पूजा काचेबाहेर झाली, चौरंगावर. तोच चौरंग. दिघ्यांचे यंत्र दोन वर्षे ताडपत्रीखाली राहिले, मग सुटे करून विकले. ग्रॅनाइटचा पाया उपाहारगृहात गेला. त्यावर थाळ्या रचतात.

पुढे दिघ्यांची बातमी रमणभाईंकडून कळे. तेही नव्या यंत्रावर फार टिकले नाहीत. लवकर निवृत्त होऊन पादऱ्याला शेती पाहू लागले. त्यांच्या मेहुण्याची तिथे मिरची दळायची गिरणी होती. दिघे बडोद्याहून एसटीने जाऊन ती दुरुस्त करून आले. “त्रण दिवस बेठा, साहेब,” रमणभाई मला सांगत होते. “पथ्थरनी वच्चे कागळ नाखी नाखीने जोयुं. हवे आखा पादरामां एवुं मरचुं कोई दळतुं नथी.” तीन दिवस बसून, दगडांच्या मध्ये कागद घालघालून त्यांनी अंतर पाहिले होते; आता सगळ्या पादऱ्यात तशी मिरची कोणी दळत नाही. मला ते ऐकवले नाही. मी विषय बदलला.

निवृत्तीनंतर टेबल रिकामे करताना तो गोल कागद हाती आला. तो मी घरी नेला. आणखी सहा वर्षे तो कपाटात राहिला. एवढी वर्षे का लागली, याचे उत्तर माझ्याकडे आहे आणि ते चांगले नाही. दिघे आजारी असल्याचे कळले तेव्हा गेलो. ते मुलाकडे हरणीच्या एका सोसायटीत, तळमजल्यावर राहत होते. दुपारचे चार वाजले होते. सुमतीबाईंनी दार उघडले, “मोकाशी आलेत,” असे आत सांगितले आणि चहा टाकायला गेल्या.

दिघे खिडकीजवळ टेबलाशी बसले होते. फार वाळले होते. मी कागद खिशातून काढून त्यांच्यापुढे ठेवला. “हा त्या दिवसाचा,” म्हणालो.

त्यांनी चष्मा लावला. रेघेवरून बोट फिरवत टेंगळापाशी आले.

“हे पेन जरा मागे राहायचं,” ते म्हणाले. “खरं तापमान याहून वर गेलं असणार. पाव अंश तरी.” मग कागद फिरवला. “सही तुमची?”

“माझी.”

“म्हणजे दुसऱ्या सकाळीच पाहिला होतात.”

“हो.”

“तेव्हा पाठवायला हवा होता.”

“हो.”

सुमतीबाई दोन कप घेऊन आल्या. दिघ्यांनी कागदावरची नजर न काढता हात आडवा केला.

“एकच ठेव. हे निघालेत.”

त्या गोंधळल्या. माझ्याकडे पाहू लागल्या. मी उठलो, नमस्कार केला आणि बाहेर पडलो. फाटकाची कडी लावताना खिडकी समोर आली. मी तो कागद चार घड्या घालून नेला होता. दिघ्यांनी तो टेबलावर पसरला होता, चहाचा कप लांब सरकवून ठेवला होता, आणि एका हाताने कड धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने माझ्या घड्या एक एक करून सपाट करीत होते. त्यांनी वर पाहिले नाही.